हिवाळ्यात कैरी ओरडणारा भोंगा

मी एक भोंगा बोलतोय. बोलतोय असं म्हणतो खरा, पण आजवर माझ्या तोंडून निघालेलं एकही अक्षर माझं नव्हतं. भाजीच्या गाडीवर बांधतात तसला मी, पांढऱ्या प्लास्टिकच्या तोंडाचा. माझं लाल बटण दाबून कुणी बोललं की ते मी पोटात ठेवतो आणि बटण सुटलं की तेच पुन्हा पुन्हा ओरडत सुटतो. एका वेळी माझ्यात एकच बोलणं मावतं. नवं भरलं की जुनं पुसलं जातं. मग आज हे जे सांगतोय ते कुठून येतंय? मला ठाऊक नाही. मला बऱ्याच गोष्टी ठाऊक नाहीत. तरी सांगतो.

अकोल्याच्या बाजारात एका दुकानात मी दोरीला उलटा लटकत होतो. तिथून मला मनोजनं उतरवून घेतलं. बावीस वर्षांचा, उंच, बोलायला लाजरा. सोबत त्याचा धाकटा भाऊ योगेश होता, अठराचा. दुकानदार म्हणाला, "बोलून पाहा काही." मनोज इकडेतिकडे बघत बोलला, "हॅलो, मी मनोज." ते मी सात-आठ वेळा ओरडलो. योगेश पोट धरून खाली बसला.

"दादा, अख्ख्या अकोल्याले तुह्यं नाव समजलं ना!"

असा मी त्यांच्या लोटगाडीवर आलो. गावाबाहेर त्यांची भाजीची वाडी आहे. वडील किसनराव आणि आई पार्बताबाई तिथे वाफे सांभाळायचे, आणि दोघे भाऊ भाजी घेऊन जठारपेठेतल्या गल्ल्या फिरायचे. गाडीच्या दांडीला मला तारेनं बांधलं होतं. मोसम बदलला की मनोज बटण दाबून नवी भाजी भरायचा. स्वतःच्या तोंडानं ओरडायची त्याला लाज वाटे, माझ्या तोंडून मात्र तो बिनधास्त ओरडे.

गाडीवर राहून मी माणसं पाहिली. पाव किलो ढेमसे घेतात आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट मागतात. दिला की आधी हुंगतात, मग पिशवीत टाकतात. भाजीवाल्याच्या तोंडाकडे कुणी बघत नाही. वर्षभर रोज भाजी घेणाऱ्या बाईला विचारलं की तुमचा भाजीवाला दिसतो कसा, तर ती बहुधा माझा आवाज काढून दाखवेल.

मनोजची शाळा आठवीत सुटली होती. गाडी लोटायला कुणीतरी हवं होतं आणि तो थोरला होता. योगेशची नववीत सुटली. त्याचं कारण मोठं नव्हतं. सहामाहीच्या पेपराला तो उशिरा पोचला, सरांनी बाहेर उभं केलं, आणि हा दप्तर तिथेच टाकून घरी निघून आला. राग जायला सहा महिने लागले. तोवर वर्ग पुढे निघून गेला होता.

मग एक दिवस पौर्णिमा मॅडम गाडीवर आल्या. समाजमंदिराच्या खोलीत त्या शाळा सुटलेल्या पोरापोरींचा वर्ग घ्यायच्या. दुपारी दोन ते चार, कारण तेव्हा गाड्या, दुकानं, धुणीभांडी सगळंच थोडं थांबलेलं असतं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे त्या घरोघर आणि गाडीगाडीवर जाऊन सांगत. ढेमसे निवडता निवडता त्यांनी विचारलं, "कितवी झाली रे तुमची?"

"माहं सोडा मॅडम," मनोज म्हणाला. "याचं पाहा. हा हुशार हाय, फक्त बह्याड हाय."

योगेश वर्गात जाऊ लागला. मनोजनंच त्याच्या जुन्या शाळेत तीन चकरा मारून त्याचा दाखला काढून आणला. तो दाखला त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या तराजूखाली ठेवला होता, आणि भाजी मोजताना मध्येच तो हात लावून बघायचा.

एप्रिल संपत आला तेव्हा मनोज माझ्यात उन्हाळ्याची भाजी भरायला बसला. बटण दाबून म्हणाला, "ढेमसे घ्या, कोहळं घ्या, ताजी कैरी घ्या, कैरी!" तेवढ्यात त्याला बाजूला पेंगणारा योगेश दिसला. बटणावरचं बोट तसंच राहिलं आणि तो खेकसला, "ए योग्या, जाय ना बे वर्गात, दोन वाजले!"

तेही माझ्यात भरलं गेलं. योगेश म्हणाला, "पुस ना ते, लोक हासतीन."

"राहू दे. माह्या रोजच्या बोंबा वाचल्या."

तेव्हापासून मी गल्लोगल्ली तेच ओरडायचो. ढेमसे, कोहळं, कैरी, आणि शेवटी योग्या. लोक खरंच हसले. लहान पोरं गाडीमागं पळत ओरडायची, "योग्या, दोन वाजले!" सकाळी नऊलाही.

आता जे सांगायचं ते मला नीट सांगता येत नाही.

मे महिना होता. अकोल्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी सकाळपासून मनोजचे डोळे लाल होते. योगेश पाण्याची बाटली भरायला गेला तेव्हा मनोज भिंतीआड जाऊन ओकला आणि तोंड पुसून परत येऊन उभा राहिला. हे फक्त मी पाहिलं. पण डोळे योगेशलाही दिसत होते.

"आज नाई जात मी," योगेश म्हणाला. "तू बस सावलीत. मी गाडी नेतो."

"दोन खाडे झाले तुहे. तिसरा झाला तं मॅडम नाव कापते."

"कापू दे."

"कापू दे म्हनते! जाय. एवढी एक गल्ली मारतो, ढेमसे सुकून राहिले. मंग बसतो सावलीत."

योगेश गेला. मनोजनं गाडी लोटली. गल्लीतल्या तिसऱ्या घरापाशी त्याचा हात दांडीवरून सुटला. तो आधी बसला, मग चाकाला टेकून आडवा झाला. आणि मी ओरडत राहिलो. ढेमसे घ्या, कोहळं घ्या. दारं बंद होती, कूलर चालू होते. भोंगा वाजतोय म्हणजे भाजीवाला उभा आहे, असंच सगळ्यांना वाटलं असणार. एक बाई कैरीसाठी टोपलं घेऊन बाहेर आली तोवर किती वेळ गेला, मला मोजता येत नाही. मी गप्प झालो असतो तर कुणी लवकर डोकावलं असतं का? की गप्प भोंग्याकडे कुणी बघतच नाही? मी हे अजून उलटसुलट करत असतो.

योगेश तेव्हा पंख्याखाली बसून वर्गसमीकरण सोडवत होता. सुटलंही होतं म्हणे ते.

तेराव्यानंतर योगेशनं गाडी धरली. वर्गात तो परत गेला नाही. दाखल्याची पिशवी त्यानं तराजूखालून काढून आईकडे फेकली. पण मला मात्र त्यानं बदललं नाही. जून गेला, कैरी संपली. श्रावणात भेंडी आली, दोडके आले. दिवाळीनंतर मेथी आली, सांबार आला. आणि मी कैरीच ओरडत होतो.

"काय बाप्पा, थंडीची कैरी कुठून आनली?" नवीन घरातल्या बाया विचारत.

"कैरी नाई काकू. मेथी हाय."

"मंग भोंग्याले सांग ना तसं!"

कुणी टोपलं घेऊन बाहेर यायचं आणि चिडून आत जायचं. ज्यांना माहीत होतं ते काही विचारायचे नाहीत. खाली मान घालून मेथी घ्यायचे, सांबार फुकट मागायचे नाहीत. मला ते जास्त वाईट वाटे. संध्याकाळी गाडी वाडीवर परतली आणि माझा आवाज आला की किसनराव उठून मागे जात आणि मोटार चालू करत. वाफे भिजलेले असले तरी. मोटारीच्या घरघरीत मी ऐकू येत नसे.

मी कोणाचा होतो तेव्हा? मनोजचा म्हणावं तर तो नव्हता. योगेशचा म्हणावं तर दिवसभर मी त्यालाच हाकलत होतो, आणि तो मला दिवसभर ऐकत होता, आणि जात मात्र नव्हता. माणसं अशी कशी असतात? जे ऐकवत नाही तेच लावून ठेवतात.

फॉर्मची मुदत संपत आली. मॅडमनी दोनदा निरोप धाडला, योगेशनं तो ऐकला नाही. तिसऱ्यांदा खुशी आली. खुशी चौकात फुलांचे हार विकते आणि दुपारी त्याच वर्गात बसते. तिची जीभ सुईसारखी आहे.

"योग्या, चार दिवस राहिले फॉर्मचे. मॅडमनं बोलावलं."

"मले नाई भराचा."

"बरं. नको भरू."

"जाय मंग."

"जातो. फक्त एवढं सांग, तुले जायचंच नाई तं हे रोज काहून वाजवते? आमाले ऐकवासाठी?"

योगेशनं गाडी वळवली आणि सरळ समाजमंदिराकडे लोटत नेली, इतक्या जोरात की दोन जुड्या रस्त्यात पडल्या. पायरीपाशी गाडी थांबवली आणि माझा आवाज पूर्ण वाढवला. वर्ग चालू होता. आतून पोरं बाहेर आली, मागून मॅडम.

"ऐका!" योगेश ओरडला. "ऐका सगळे! हा मेला तरी मले तुमच्याच वर्गात धाडून राहिला. तुमच्या हजेरीपायी गेला माहा भाऊ!"

मॅडमच्या हातात खडू होता. त्या म्हणाल्या, "बंद कर ते, मग बोलू."

"नाई करत."

मग त्या माझ्या आवाजावरूनच बोलल्या. "आदल्या दिवशी मी आले होते मनोजकडे. तू नव्हतास. मी त्याला म्हटलं, उद्या योगेश आला नाही तर नाव कमी करावं लागेल. अमरावतीला संस्थेच्या कचेरीत हजेरी पाठवावी लागते, तीन खाडे म्हणजे नाव कमी, असा नियम आहे. पण एक दिवस थांबता आलं असतं मला. नियम काही त्याच दिवशी पाळायचा नव्हता."

मॅडम येऊन गेल्याचं योगेशला माहीत नव्हतं. "मले काहून नाई सांगतलं त्यानं?"

"ते मला काय माहीत, बाळा."

योगेश मॅडमकडे बघत राहिला. मग पोरांकडे. कोणाला मारावं हे त्याला कळत नव्हतं, ते मला दिसत होतं. मॅडमना? स्वतःला? मी सगळ्यात जवळ होतो. त्यानं मला तारेसकट उपटलं आणि पायरीवर आपटलं. एकदा, दोनदा. दुसऱ्यांदा "योग्या" अर्धवटच निघालं.

मी गप्प झालो. गेले सहा महिने गप्प होणं काय असतं ते मला माहीत नव्हतं.

योगेशनं मला उचललं. चालू-बंदचं बटण दोनदा दाबलं, हलवलं, कानाला लावलं. मग तो पियुषकडे वळला. पियुष मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो आणि त्याच वर्गात बसतो. "पाय ना बे याले," योगेश म्हणाला. "जलदी पाय."

पियुषनं मला तिथेच पायरीवर उघडलं. बराच वेळ तो वर बघेना. "वाजन हा," शेवटी म्हणाला. "पन आतली चिप फुटली. भरलेलं गेलं."

"गेलं म्हंजे?"

"म्हंजे गेलं."

मग सगळ्यांनी आपापले फोन काढले. कुणाच्या तरी फोनमध्ये मनोजचा आवाज असेल म्हणून. खुशीनं झेंडूच्या ढिगाचा एक व्हिडिओ शोधून काढला. त्यात मागून गाडी गेली होती. "कोहळं घ्या, ता…" एवढंच, आणि मग एका ऑटोचा हॉर्न. तिनं तो चार वेळा लावला. योगेश स्वतःचा फोन बघत होता. फोटो होते, पन्नास तरी.

"आवाज नाई," तो म्हणाला. "रोज सोबत राहते त्याचा आवाज कोन भरून ठेवते?"

तो गाडी घेऊन निघून गेला. मी तिथेच राहिलो. पियुषनं मला दुकानात नेऊन नवी चिप बसवली, फुटलेलं तोंड तारेनं शिवलं. मी पुन्हा वाजण्यालायक झालो, पण आत काहीच नव्हतं. भाड्याच्या रिकाम्या खोलीत भाडेकरूला कसं वाटतं ते माहीत नाही. खोलीला कसं वाटतं ते आता मला माहीत आहे.

तीन दिवस गाडी गल्लीत आली नाही. फॉर्मचा शेवटचा दिवस उद्यावर आला तेव्हा मॅडम वाडीवर निघाल्या. पियुषच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर पिशवी, पिशवीत फॉर्म, हजेरीचं रजिस्टर आणि मी.

पार्बताबाई सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. योगेश बांधावर पाठ करून बसला होता. मॅडमनी काही म्हणायच्या आत पार्बताबाईंनी विचारलं, "त्या दिवशीची हजेरी लागली का माह्या पोराची?"

मॅडमना आधी कळलं नाही. मग त्यांनी रजिस्टर काढून मे महिना उघडला आणि बोट ठेवलं. योगेशच्या नावापुढे त्या तारखेला 'ह' लिहिलेला होता.

"हे काय म्हंते?"

"हजर म्हणतं."

पार्बताबाईंनी त्या अक्षरावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला माती होती, ती कागदाला लागली. "म्हंजे नाव कापलं नाई."

"नाही. नाही कापलं. मी त्यानंतर कोणाचंच कापलं नाही. अमरावतीला लिहून कळवलंय, हा नियम मला पाळता येणार नाही म्हणून. उत्तर आलं नाही अजून."

"मंग तो दिवस फुकट नाई गेला पाहिजे," पार्बताबाई म्हणाल्या. बांधाकडे वळून ओरडल्या, "योग्या! इकडं ये."

"मी नाई जात वर्गात."

"कोन म्हनते जाय? मी म्हटलं? सही कर. बसाचं का नाई ते मंग पाहू. कागद भरला म्हून कोनी ओढत नेत नाई."

योगेश आला. त्यानं कोणाकडे बघितलं नाही. फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्यानं दाणकन सही केली. मॅडम म्हणाल्या, "दाखला लागेल." पार्बताबाई आत गेल्या आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. ती त्यांनी फेकली नव्हती, धान्याच्या कोठीत ठेवली होती.

त्यानं सही रागानं केली की मन लावून, मला सांगता येणार नाही. त्याला तरी सांगता येईल का, शंका आहे. दुसऱ्या दिवशी तो वर्गात गेला नाही. त्याच्या पुढच्या दिवशी गेला आणि मागच्या भिंतीला टेकून बसला. वही उघडली नाही. मॅडमनी पंखा लावला तेव्हा तो उठून पंख्याखालून बाजूला सरकला. डिसेंबर अर्धा झाला तेव्हा त्यानं वही उघडली. पहिलं गणित चुकलं. खुशी म्हणाली, "चला, बह्याड परत आला."

त्याच आठवड्यात त्यानं माझं लाल बटण दाबलं. दोनदा तोंड उघडून मिटलं. तिसऱ्यांदा बोलला, "मेथी घ्या, पालक घ्या, सांबार घ्या." आवाज जरा फाटका आला, पण त्यानं तो तसाच ठेवला. त्या संध्याकाळी गाडी वाडीवर शिरली तेव्हा किसनराव उठले, मोटारीपर्यंत गेले आणि तिथेच उभे राहून ऐकत राहिले.

एक सांगायचं राहू नये. शाळा सुटलेली पोरं शोधत तुम्ही वर्ग चालवणारे गल्लीगल्लीत येता, फॉर्म आणता, वही देता. चांगलंच करता. पण कुणाचं नाव कमी करण्याआधी एकदा त्याच्या गाडीसोबत गल्लीभर चाला. खाडा म्हणजे काय, ते रजिस्टरमध्ये दिसत नाही. मॅडम आता असं चालतात. कुणी आलं नाही की पुस्तक मिटून त्याच्या गल्लीत जातात. बाकीचा वर्ग तेवढा वेळ गोंधळ घालतो. घालू द्या.

आज दहावीचा पहिला पेपर आहे. योगेश आत गेलाय. गाडी पार्बताबाईंनी लोटत आणली आणि शाळेच्या फाटकापासून लांब लावली. पोलिसानं मला बंद करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी मला तारेतून सोडवून मांडीवर घेतलं. बाजूला झाडाखाली एक शहरी बाई बसली होती, हातात पाण्याची बाटली आणि रुमाल.

"तुमचा मुलगा आत आहे?" तिनं विचारलं.

"हाव. दहावीले हाय."

"तो मिशीवाला? मोठा दिसतो हो."

"एकोनीसचा हाय. मधात सुटली होती शाळा."

"एकुलता का?"

"नाई. दोघं."

"मग थोरला काय करतो?"

पार्बताबाईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्यांचा हात माझ्या शिवलेल्या तोंडावर येऊन थांबला. ती बाई वाट बघत होती. मला वाटलं, आता मीच काहीतरी बोललं पाहिजे. त्यांचा अंगठा चालू-बंदच्या बटणावर होता, जरा दाबला असता तरी वाजलो असतो. पण माझ्यात मेथी होती, पालक होता आणि सांबार.